डाउजच्या बांधावरची वाट

तेराव्या प्रश्नापर्यंत लॉर्नाचं पेन कुठं अडलं नव्हतं. नाव, पत्ता, जन्मसाल. वाट कुठून कुठं जाते, किती रुंद होती, मध्ये फाटक होतं का, पूल होता का, कुणी पाटी लावली होती का. कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत चाललात, आठवड्यातून किती वेळा, कशासाठी. शनिवारची सकाळ होती. नॉटिंगहॅममधल्या तिच्या फ्लॅटखाली वळणावर ट्राम करकरत होती, चहा निवत चालला होता आणि टेबलावर कौन्सिलचा सहा पानी अर्ज पसरलेला होता. मग तिनं पान उलटलं. चौदा: या वाटेनं जाण्यासाठी आपण कधी कुणाची परवानगी मागितली होती का? पुढं दोन चौकोन, हो आणि नाही. 'हो' असेल तर तपशील लिहायला दीड ओळ. 'नाही'च्या चौकोनाशेजारी तिच्या धाकट्या बहिणीनं, हेझलनं, पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती. अलीकडं हेझलचं अक्षर मोठं आणि तिरपं झालं होतं. 'इथं खूण कर. बाकी तुला आठवेल ते लिही.' लॉर्नानं पेन खाली ठेवलं. सहासष्ट वर्षांच्या बाईनं इतक्या साध्या प्रश्नाशी अडावं, याची तिला स्वतःलाच चीड आली.

गोष्ट तशी काही फार मोठी नव्हती. स्केलबी फेन या गावाबाहेर, कालव्याच्या बांधावरून, डाउज नावाच्या शेतकऱ्याच्या रानातून एक पायवाट जायची. शेवटच्या चार घरांपासून थेट चर्चच्या मागं. अर्धा मैल. अठ्ठ्याऐंशी साली म्हाताऱ्या डाउजच्या मुलानं, रॉजरनं, फाटकाला कुलूप ठोकलं. लोक कुरकुरले आणि मोटारी काढून रस्त्यानं जायला लागले. त्या चार घरांपैकी शेवटच्यात आता हेझल एकटी राहत होती. गेल्या वर्षी तिच्या डोळ्यांत मधोमध डाग आला, कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही, आणि तिचं लायसन्स गेलं. दुकान, डॉक्टर, बस, सगळं गावात. तिथं जायचं तर रस्त्यानं सव्वा मैल, फुटपाथ नाही, आणि सप्टेंबर ते फेब्रुवारी बीटाचे ट्रक एकामागून एक. जानेवारीत एका ट्रकचा आरसा खांद्याला लागून हेझल चरात पडली, मनगट मोडलं. महिन्याभरापूर्वी घराचा दलाल येऊन खोल्यांची मापं घेऊन गेला होता. वाट उघडली तर हेझल त्या घरात राहणार, नाही उघडली तर नाही. कायदा असा की कुलूप पडण्याआधी वीस वर्षं लोक त्या वाटेनं न विचारता, न लपता, राजरोस चालले असतील, तर वाट लोकांची. विचारून चालले असतील तर मात्र ती मालकाची मेहेरबानी, आणि मेहेरबानीवर कुणाचा हक्क लागत नाही. न विचारता घुसणाऱ्याला हक्क आणि नीट दार वाजवून विचारणाऱ्याला ठेंगा. असला कायदा इंग्रजांनाच सुचावा, असं लॉर्नाला वाटलं, आणि आपणही त्यांच्यातल्याच, हेही लगोलग आठवलं.

"सात जण मिळालेत," अर्ज पाठवायच्या आधी हेझलनं फोनवर सांगितलं होतं. "पण सगळे नंतरचे. अडुसष्ट ते चौऱ्याहत्तरचं बोलायला फक्त नॉर्मा पिंडर उरलीय. आणि नॉर्माचं तुला माहितीय. कौन्सिलशी भांडली नाही असा एक महिना दाखव मला. तिच्या शब्दाला तिथं कोण विचारतो? तू पोलिसाची मुलगी आहेस, लॉर्ना. तू दंतवैद्याकडं तीस वर्षं काउंटरवर बसलीस. तुझ्यावर लोक विश्वास ठेवतात."

"तूही पोलिसाचीच मुलगी आहेस की."

"अडुसष्टला मी दोन वर्षांची होते. सुरुवातीचं मला काय आठवतंय, बाबागाडीची चाकं?"

हे खरं होतं. हेझलला त्या सुरुवातीच्या वर्षांतलं काही आठवत नव्हतं. आणि लॉर्नाला सगळं आठवत होतं, खरं दुखणं तिथं होतं. वडील कॉन्स्टेबल. दर तीन-चार वर्षांनी बदली. एका खेड्यातून दुसऱ्या खेड्यात, प्रत्येक ठिकाणी तसलंच पोलिसाचं घर, दाराला तोच निळा रंग, आणि शाळेत पुन्हा नव्यानं सांगायचं की मी लॉर्ना. स्केलबी फेनमध्ये मात्र आठ वर्षं टिकले. त्या आठ वर्षांतली ती वाट तिला डोळे मिटून चालता आली असती. काळंभोर रान, दोन्ही बाजूंना बीट, मध्ये उंच बांध आणि खाली कालव्याचं दाट, तपकिरी पाणी. उन्हाळ्यात त्याला कुजल्या पाल्याचा वास यायचा. पुलाला पाच फळ्या, त्यातली चौथी नव्हती, तिथं उडी मारायची. पाणकोंबडीची पिल्लं. वाऱ्यानं फ्रॉक पायांना चिकटायचा आणि कान दुखायचे. पिंडरांची पाच पोरं, नॉर्मा त्यातलीच, त्याच वाटेनं काठ्या फिरवत, बीटाची पानं उडवत, आरडाओरडा करत जायची. लॉर्ना त्यांच्या मागून, हात शरीराला चिकटवून, मधोमध. तिनं कधी एक पान तोडलं नाही. आज इतकं बारीकसारीक आठवतंय तेही त्यामुळंच, असं तिला वाटलं. आपलं समजून चालणारं माणूस आजूबाजूला कशाला बघेल? ती त्या वाटेवर आठ वर्षं पाहुण्यासारखी चालली होती.

कारण ती विचारून चालली होती. दर वर्षी पंचवीस मार्चला, शेताचं वर्ष बदलतं त्या दिवशी, आई तिच्या हातात गूजबेरीच्या जॅमची बरणी द्यायची. झाकणावर चौकटीचं कापड, त्याला रबर. "जा. पाय पुसून उभी राहा. आधी बरणी द्यायची नाही, आधी विचारायचं. नाहीतर लाच दिल्यासारखं दिसतं." पहिल्या वर्षी लॉर्ना आठ वर्षांची होती. डाउजच्या मागल्या दाराशी तीन पायऱ्या होत्या. सगळ्यात खालच्या पायरीवर उभं राहून तिनं पाठ केलेलं वाक्य म्हटलं. मिस्टर डाउज, या वर्षी आम्ही तुमच्या बांधावरून गेलो तर चालेल का, आई विचारते. आत टेबलाशी तीन-चार गडी चहा पीत बसले होते. डाउज दारात आला. लांबलचक माणूस, पायात नुसते मोजे. तो म्हणाला, "ऐकू आलं नाही. मोठ्यानं बोल." तिनं मोठ्यानं म्हटलं. "अजून एकदा. या लोकांनापण ऐकू दे." तिनं तिसऱ्यांदा म्हटलं. आतून कुणीतरी हसलं. मग डाउज तिच्या डोक्यावरून लांब रानाकडं बघत राहिला, बराच वेळ, जणू बांध आहे की गेला याची खात्री करत होता. शेवटी म्हणाला, "जा. जाऊ दे तुझ्या आईला." आणि हात पुढं केला, बरणीसाठी.

घरी येऊन तिनं आईला विचारलं, नॉर्माची आई का नाही विचारत? आई इस्त्री करत होती. म्हणाली, "त्यांचे आजे-पणजे इथले. आपण कुठले?" मग थोड्या वेळानं, "आणि तुझे वडील पोलीस आहेत. आपल्याकडं बोट दाखवायला लोकांना जागा राहता कामा नये." आई वाईट नव्हती, हे लॉर्ना आयुष्यभर स्वतःला सांगत आली. आईच्या आईनं दुसऱ्यांच्या घरी भांडी घासली होती. दार वाजवून थांबायचं हे त्या घराण्यात आईच्या दुधाबरोबर मिळायचं. पण आज चौदाव्या प्रश्नासमोर बसल्यावर तिला आईचा असा राग आला की टेबलावर हात आपटावासा वाटला. अगं, कुणी सांगितलं होतं तुला? अख्खं गाव चालत होतं. त्या माणसाच्या मनातसुद्धा नव्हतं की ही वाट आपण देऊ शकतो. तू जॅम पाठवून पाठवून त्याला मालक केलंस. तूच. चांगुलपणानं. आता तिकडं तुझी एक मुलगी चरात पडतेय आणि इथं दुसरी अर्ज घेऊन बसलीय.

आणि एका वर्षी तो नाही म्हणाला होता. अडुसष्ट साल, म्हणजे नेमकं वीस वर्षांतलं पहिलंच. दारात उभा राहून दात कोरत म्हणाला, "पंधरा दिवस नको. नंतर बघू." कारण नाही, काही नाही. लॉर्ना बरणी देऊन परत आली. पंधरा दिवस ती आणि आई, बाबागाडीत हेझल, रस्त्यानं सव्वा मैल चालत गेल्या. डाव्या हाताला, रानापलीकडं, बांधावरून अख्खं गाव आरामात जाताना दिसत होतं. पिंडरांची पोरं थांबून हात हलवायची. नॉर्मानं तेव्हाच तिला नाव ठेवलं, परवानगीबाई. शाळेत ते चार वर्षं चाललं. परवानगीबाई, शी लागलीय? डाउजला विचारलंस का? परवानगीबाई, श्वास घेऊ का? आई मात्र पुढं बघत ताठ चालायची आणि म्हणायची, "पंधरा दिवस काय, बघता बघता जातील." सोळाव्या दिवशी सकाळी लॉर्ना पुन्हा तीन पायऱ्यांशी गेली, आता चालेल का हे विचारायला. डाउज विसरून गेला होता. "कसलं?" तो म्हणाला. त्या 'कसलं'नं जे झालं ते अजून गेलं नव्हतं. नाही म्हणालेला माणूस परवडतो. पण ज्याच्या शब्दावर आपण पंधरा दिवस काढले त्याच्या ते ध्यानातही नसावं, याला काय म्हणायचं?

पुढं वडिलांची बदली हॉक्सलोला झाली. बाजाराचं गाव, चौकात घड्याळ, दोन सिनेमागृहं, गर्दीत कुणी कुणाला ओळखत नव्हतं. तिथं कुणाला काही विचारायची गरज नव्हती. पण लॉर्नाला आता सवय लागली होती. ती दुकानात विचारायची, हे बघू का. ग्रंथालयात विचारायची, इथं बसलं तर चालेल ना. नोकरीत तीस वर्षं ती दंतवैद्यांना विचारून जेवायला गेली. इतर बायका सरळ उठून जायच्या. नवऱ्यानं, क्लाइव्हनं, दुसरी बाई केल्यावर वेगळं व्हायचं ठरलं तेव्हासुद्धा तिनं त्याला विचारलं होतं, मी इथंच राहिले तर तुला चालेल का? आणि तो, ज्यानं घर सोडायचं होतं तो, जरा विचार करून म्हणाला होता, चालेल. हेझल अगदी उलट. हेझल हॉक्सलोत वाढली, तिला कुणी बरणी घेऊन पाठवलं नाही. ती लॉर्नाचे कपडे घालायची, सायकल न्यायची, तिच्या ताटातला बटाटा उचलायची. स्केलबी फेनमधल्याच एका मुलाशी तिनं लग्न ठरवलं आणि मग घरी कळवलं. तिच्यावर कधी कुणी चिडलंही नाही फारसं. लॉर्ना मात्र लोकांना नकोशी व्हायची. एवढ्यातेवढ्याला विचारणाऱ्या माणसाचा कंटाळा येतो, हे तिलाही कळत होतं. कळून काय उपयोग?

हा अर्जसुद्धा तिनं दहा दिवस पावाच्या डब्यामागं ठेवला होता. मुदत काल, शुक्रवारी संपली होती. गुरुवारी तिनं कौन्सिलला फोन करून विचारलं होतं, सोमवारच्या टपालानं पोचला तर चालेल का. तिथली मुलगी म्हणाली होती, चालेल हो, त्यात काय. फोन ठेवल्यावर लॉर्नाला स्वतःचीच शिसारी आली होती.

तिनं 'नाही'वर पेन टेकवलं. एक फुली. कोण बघायला येणार होतं? आई गेली, डाउज गेला, चहा पिणारे गडी गेले. जगात तिच्याखेरीज कुणालाही ती तीन पायऱ्यांची गोष्ट ठाऊक नव्हती. नॉर्माला नाव ठेवल्याचं आठवत असेल, पण नॉर्मा तोंड उघडणार नाही. एक फुली, आणि हेझलचं घर हेझलला. पण मग त्या आठ सकाळींचं काय? ती बरणी घट्ट धरून गेलेली आठ वर्षांची, नऊ वर्षांची, चौदा वर्षांची मुलगी, जिला त्या वयात छाती दिसू नये म्हणून बरणी वर धरावी लागायची, तिनं ते कशासाठी केलं? कुणी तिला त्याबद्दल कधी एक शब्द विचारला नव्हता. अठ्ठावन्न वर्षांनी पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं. कौन्सिलच्या छापील कागदावर का होईना, पण विचारत होतं. आणि तिनं सांगायचं, असं काही घडलंच नाही. खाली सहीच्या वर लिहिलेलं होतं, वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे. वडील असते तर काय म्हणाले असते, ते तिला ऐकू आलं. आणि हेझल काय म्हणेल, तेही.

तिनं चिठ्ठी सोलून काढली आणि 'हो'वर फुली मारली. दीड ओळ लगेच भरली. मग ती समासात लिहू लागली, मग पानाच्या खाली, मग पान उलटून मागं. तारीख, जॅम, पायऱ्या, मोजे, पंधरा दिवस, 'कसलं'. अक्षर बारीक होत गेलं. हात दुखला तरी ती थांबली नाही. पाऊण तास गेला. असं लिहू का, म्हणून तिनं कुणाला विचारलं नव्हतं. सही करून ती मागं रेलली तेव्हा तिला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीही लाज वाटली, कारण ते हेझलच्या जिवावर होतं. मग हे आपण तिला सांगितलंच पाहिजे, टपालात टाकण्याआधी, असं ठरवून तिनं फोन लावला.

"अर्ज लिहिला मी," ती म्हणाली.

"कुठला अर्ज?" हेझल म्हणाली. मागं रेडिओ चालू होता. "अगं, तो? तो गेला. मंगळवारीच दिला मी."

"माझा माझ्यासमोर आहे."

"तो राहू दे. दुसरा कोरा घेतला होता. तुझा काही पत्ता नाही, फोन नाही, म्हटलं ही बसेल विचार करत. नॉर्मा आली होती, तिनं लिहिला. तिला काय, सगळं आठवतंय. पाच फळ्या, चौथी नाही. सही मी केली, तुझ्यासारखी. लहानपणी शाळेच्या चिठ्ठ्यांवर आईची करायचे ना, तशीच."

नॉर्मा पिंडर टेबलाशी बसून आपल्या नावानं लिहितेय, हे लॉर्नाच्या डोळ्यांसमोर आलं. "चौदाव्याला काय लिहिलंत?"

"नाही. दुसरं काय लिहिणार?"

"मला विचारायचं तरी होतंस, हेझल."

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?" हेझल हसून म्हणाली. "तू म्हणाली असतीस, बघते. आयुष्यभर बघते म्हणत आलीस. हे बघ, एवढंच लक्षात ठेव. येत्या मंगळवारी दहाला कौन्सिलचा माणूस तुला फोन करेल, साक्षीदारांना एकदा फोन करतात. हा अर्ज तुमचाच का, एवढं विचारेल. हो म्हणायचं. संपलं."

मग लॉर्नानं तिला सांगितलं. सगळं नाही, फोनवर सगळं सांगता येत नव्हतं. आई बरणी देऊन पाठवायची, दर वर्षी. अडुसष्टला तो नाही म्हणाला. तूही होतीस, बाबागाडीत. रेडिओ बंद झाला. हेझल म्हणाली, "आईनं केलं हे?"

"आईनं. आणि मी."

"बरं. केलं तर केलं. कुणाला माहितीय?"

"मला. मी त्याला खरं सांगणार आहे."

इतकं ठाम वाक्य आपण बोललो याचं लॉर्नाला नवल वाटलं. आता हेझल चिडेल, असं धरून ती बसली. चिडली असती तर सोपं गेलं असतं. हेझलला चिडता छान यायचं, आणि चिडलेल्या माणसासमोर लॉर्ना निदान गप्प तरी बसू शकली असती. पण पलीकडून आवाज आला तो लॉर्नानं साठ वर्षांत कधी ऐकला नव्हता. बारीक, अडखळणारा.

"लॉर्ना," हेझल म्हणाली, "नको ना सांगूस. मी कुठं जाऊ गं? मला दुसऱ्या घरात दिवासुद्धा सापडायचा नाही. इथलं सगळं मला हातानं कळतं." मग थांबून, "प्लीज. चालेल का?"

लॉर्ना फोन कानाशी धरून बसली. खाली ट्राम गेली. उत्तर तिच्याजवळ तयार होतं आणि ते दुसरं काही असणं शक्यच नव्हतं; ती मंगळवारी दहाला हो म्हणणार होती, आणि समोरचा अर्ज, मागंपुढं भरलेला, फाडून टाकणार होती. बहीण होती ती तिची. पण आजवर तिच्याकडं कुणी काही मागितलं नव्हतं, असं, श्वास धरून, तिच्या एका शब्दासाठी थांबून. छातीत कुठंतरी गोड वाटलं. ते तिनं ओळखलं, आणि ओळखूनही ती खिडकीबाहेर, लांब, छपरांकडं बघत राहिली. पलीकडं हेझल थांबली होती. लॉर्नानं तिला आणखी थोडा वेळ थांबू दिलं.